सौसरच्या धुराड्याचा मुकुट

आमच्या साडूंइतका सावध माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही, आणि त्यांच्या आसपास जेवढी मोडतोड झाली तेवढी मी वादळानंतरही पाहिली नाही. अपघात निष्काळजीपणामुळे होतात असं ज्यांना वाटतं त्यांनी साडूंच्या सहवासात एक आठवडा काढावा. मत बदलेल, आणि बदलायच्या आधी बहुधा घोटा मुरगळेल. माझ्याच लग्नाची गोष्ट घ्या. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, त्यामुळे मांडवात त्यांचा शब्द चालायचा. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या बेतात होती आणि यांच्या मनात आलं की मांडव पक्का आहे की नाही हे कोणीच पाहिलेलं नाही. त्यांनी मधला खांब दोन्ही हातांनी धरला आणि तपासला. तपासला म्हणजे इतका हलवला की डोक्यावर अक्षता पडायच्या आधी आमच्या डोक्यावर अख्खं कापड पडलं. मी आत अंधारात नवरी समजून भटजींचा हात धरून बसलो होतो, तेव्हा बाहेरून साडूंचा तृप्त आवाज आला, "पाहा! मी सांगून राहिलो होतो न, खांब कच्चा आहे!"

बसमध्ये बसले की ते ड्रायव्हरला विचारायचे, "ब्रेक बरोबर आहे न?" एकदा सौसरहून पांढुर्ण्याला येताना त्यांनी हे इतक्या वेळा विचारलं की रामाकोना गावचा एक म्हातारा म्हणाला, "बाप्पा, दाखव याले एकदाचा ब्रेक." ड्रायव्हरनं दाखवला. मागच्या बाकावरची संत्र्यांची टोपली उडाली ती थेट साडूंच्या डोक्यावर. सगळी बस हसली, साडू मात्र केसांतली पानं काढत गंभीरपणे म्हणाले, "चांगला आहे ब्रेक." घरच्या विहिरीला त्यांनी कठडा बांधला तो इतका उंच, की बादली ओढायला माणूसच पुरेना. मग कठड्याला पायऱ्या बांधाव्या लागल्या. त्या पायऱ्यांवरून आत पडण्याची सोय पूर्वीपेक्षा कितीतरी चांगली झाली, पण हे त्यांना सांगायची कोणाची छाती नव्हती.

साडू सरकारी बांधकाम खात्यात टाइमकीपर होते. लग्नानंतरची पहिली काही वर्षं त्यांची नेमणूक पचमढीला होती आणि तिथल्या एका जुन्या बंगल्याची देखरेख त्यांच्याकडे असे. त्या बंगल्याच्या दिवाणखान्यात भिंतीतच शेकोटी केलेली होती, वर धूर जायला धुराडं, आणि धुराड्याच्या डोक्यावर नक्षीचा लोखंडी मुकुट. सौसरला बदलून आल्यावर साडूंनी कवेलूंचं, म्हणजे कौलांचं, घर बांधलं तेव्हा बैठकीच्या भिंतीत हुबेहूब तशी शेकोटी काढली. सौसरला! जिथे मे महिन्यात कवेलूवर पापड टाकला तर भाजून निघतो! थंडी पडते, नाही असं नाही. डिसेंबर-जानेवारीत काही दिवस दात वाजतात आणि लोक अंगणात तुराट्या पेटवून शेकत बसतात. पण त्या मूठभर दिवसांसाठी कोणी भिंतीला भगदाड पाडत नाही. गावानं त्याला 'साहेबी चूल' असं नाव दिलं आणि विषय संपवला.

विषय संपला नाही तो धुरामुळे. धुराडं उंच बांधलं तर वाऱ्यानं पडेल, या भीतीनं साडूंनी ते छपराच्या आढ्यापेक्षाही खाली थांबवलं होतं. परिणाम असा की वारा आढ्यावरून घसरून थेट धुराड्यात शिरायचा आणि धुराला हात धरून परत घरात आणायचा. शेकोटी पेटली की पाहुणे बाहेर आणि थंडी आत. ताईंचे, म्हणजे माझ्या मेहुणीचे, डोळे हिवाळाभर लाल असायचे. भिंती अशा काळ्या झाल्या होत्या की दिवाळीला दिलेला चुना होळीपर्यंत शोधावा लागे. त्यातच त्या वर्षी गल्लीतल्या दोन घरांवर अँटेना उभे राहिले. ताईंनी शेकोटीच्या भगदाडाची वितीनं मापं घेतली आणि जाहीर केलं की यात टीव्ही असा बसतो, जणू त्याच्यासाठीच केलं आहे.

साडूंनी चार दिवस अन्नावरची वासना गेल्यासारखा चेहरा केला. मग म्हणाले, "मुकुट नाही म्हणून धूर येऊन राहिला. तिकडे मुकुट होता. वारा अडते त्यानं."

ताई म्हणाल्या, "बरं. बसवा मुकुट. सिंहासन बसवा पाहिजे तर. पण मुकुट बसवल्यावर घरात धूर आला, तर त्याच दिवशी हे भोकसं बुजवायचं अन् तिथं टीव्ही ठेवायचा. कबूल?"

"कबूल," साडू म्हणाले. ते असं म्हणाले तेव्हा त्यांचा आवाज किंचित कापला, हे मला माझ्या बायकोनं सांगितलं, तिला ताईंनी सांगितलं होतं.

मुकुटाचं काम मोहगावच्या एका टिनवाल्याला दिलं. हा गृहस्थ धान्याच्या कोठ्या, बादल्या, रॉकेलचे डबे करण्यात हयात घालवलेला. आपल्या हातचं भांडं गळत नाही हा त्याचा एकमेव अभिमान. त्याला साडू सांगत होते की मुकुटाला चारी बाजूंनी भोकं हवीत, धूर जायला पाहिजे. तो ऐकायचा, मान डोलवायचा आणि सगळं बंद करून आणायचा. पहिला मुकुट असा घट्ट होता की त्यात पाणी भरून ठेवता आलं असतं. त्यानं ठेवूनही दाखवलं. "एक थेंब गळला तर सांगा," तो म्हणाला. शेवटी साडूंनी त्याला पानं कापायला सांगितली, भोकं म्हणून नव्हे, नक्षी म्हणून. मग मात्र माणूस रंगात आला. चारी बाजूंना संत्र्याची पानं कोरली, आणि न सांगता शेंड्यावर पत्र्याचं एक भलंमोठं संत्रं बसवून त्याला भगवा रंग दिला. सौसरचा मुकुट म्हटल्यावर त्याच्या डोक्यात दुसरं काय येणार! साडूंनी ते संत्रं चारी बाजूंनी फिरून पाहिलं आणि म्हणाले, "तिकडे नव्हतं असं." हे तक्रार म्हणून नव्हे, अभिमानानं.

मुकुट चढवायला मला सौसरहून बोलावणं आलं. मी पांढुर्ण्याच्या शाळेत भूगोल शिकवत असे. वारे कुठून कुठे वाहतात हे फळ्यावर बाण काढून दाखवणारा माणूस अशा कामाला हवाच, असं साडूंचं म्हणणं. मी फुशारलो आणि सकाळच्या बसनं गेलो. अंगणात पाहतो तर एक मिस्त्री हौदात विटा भिजत घालून, शेजारी सिमेंटचा माल कालवायची तयारी करून बसलेला. ताईंना आपल्या यजमानांची शपथ दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कशी थंड होते हे माहीत होतं, म्हणून हरल्यास लगेच भगदाड बुजवायला त्यांनी मिस्त्री आधीच बोलावून ठेवला होता. साडू त्याच्याकडे पाहत नव्हते. आजाऱ्याच्या घरी वैद्याच्या आधी तिरडीवाला येऊन बसावा, तसं ते झालं होतं.

साडूंनी मला नियम सांगितले. "वर जाणाऱ्यानं खाली पाहायचं नाही. खाली असणाऱ्यानं वर जायचं नाही."

"म्हणजे वर कोण जाणार, भाऊ?"

"तुम्ही. सेफ्टी पाहणारा माणूस खालीच पाहिजे न. दोघंही वर गेलो तर पडणाऱ्याले पाहीन कोण?"

याला भूगोलात उत्तर नाही. पडलो तर लागू नये म्हणून त्यांनी घरच्या शेतातला सगळा कापूस आणून छपराच्या कडेखाली ढीग घातला. डोक्याच्या रक्षणासाठी स्वयंपाकघरातला मोठा गंज, म्हणजे आमच्याकडचं भात शिजवायचं भांडं, माझ्या डोक्यावर पालथा घालून दुपट्ट्यानं हनुवटीखाली बांधला. त्यामुळे मला फक्त माझाच श्वास ऐकू येऊ लागला. कमरेला दोर बांधला. दोराचं दुसरं टोक कडुनिंबाला बांधायचं होतं, पण झाड आतून पोकळ असलं तर? म्हणून ते टोक त्यांनी स्वतःच्या मुठीत घेतलं. साडूंना हातवारे केल्याशिवाय बोलता येत नाही, हे त्या क्षणी आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही.

मी शिडीला हात लावणार एवढ्यात ताईंनी मला घराच्या मागच्या बाजूला बोलावलं. पदराखालून एक काळं मडकं काढलं. त्यावर चुन्यानं डोळे, नाक आणि झुपकेदार मिशा काढलेल्या. नव्या बांधकामाला, संत्र्याच्या बागेला नजर लागू नये म्हणून टांगतात तसं.

"भाऊजी, हे वर ठेवून द्या. मुकुटाच्या आत, कोणाले दिसणार नाही असं. त्यांना सांगू नका. ते म्हणतात, हे गावठी काम आहे."

"पण ताई, तुम्हाला तर ते धुराडं बुजवायचं आहे ना?"

ताई मडक्याकडे पाहत म्हणाल्या, "पाहिजे न टीव्ही. पण लोक कसे पाहून राहिले त्या संत्र्याकडे! पचमढीले साहेब नसला की आम्ही दोघं त्याच्या शेकोटीपुढे चोरून बसत होतो. बाहेर गाडी वाजली की पळायचं. तवापासून यांच्या डोक्यात आहे, एक आपली पाहिजे. डोळे दुखतात माझे, ते वेगळं. नजर नको लागायले."

मी मडकं सदऱ्यात घातलं आणि गर्भार बाईसारखा शिडी चढलो.

छपरावरचा प्रवास थोडक्यात सांगतो, कारण मला तो थोडक्यातच आठवतो. पाऊल टाकलं की खालचं कवेलू कट्टकन मोडे. साडू खालून "डाव्या हाताले!" म्हणून हात उडवत आणि दोराचा हिसका बसून मी उजव्या हाताला जाई. कसाबसा धुराड्याला मिठी मारली. मुकुट दोरानं वर ओढून घेतला. मग मडक्याची आठवण झाली. मुकुटाच्या आत ठेवायचं, दिसायला नको, आणि मुकुटाच्या आत टेकायला जागा एकच होती: धुराड्याचं तोंड. मी मडकं त्यावर पालथं घातलं. ते असं चपखल बसलं, जणू कुंभारानं माप घेऊन केलं होतं. धुराचा आणि या मडक्याचा काही संबंध येईल, हे एका भूगोलाच्या मास्तराच्या डोक्यात यायला हवं होतं, पण त्या वेळी माझ्या डोक्यात फक्त जमीन होती. मी वरून मुकुट बसवला, पट्ट्यांचे बोल्ट आवळले आणि विजयी मुद्रेनं हात वर केला.

खाली साडूंना इतका आनंद झाला की त्यांनी दोर सोडून टाळ्या वाजवल्या. "पेटवतो!" ते ओरडले. आणि लगेच त्यांच्यातला सावध माणूस जागा झाला. वर ठिणगी उडाली तर? खाली कापूस! "आग अन् कापूस एका अंगणात ठेवता का? तुम्ही शिकलेली माणसं हो!" असं मलाच रागावून त्यांनी सगळा कापूस कोठारात नेला. शिडी लाकडाची, तीही गोठ्यात नेऊन ठेवली. मग ते आत गेले, आणि निकाल पाहायला मिस्त्रीही त्यांच्यामागे. मी छपरावर, डोक्यावर गंज, खाली मऊ असं काही नाही, उतरायला काही नाही. ऊन मात्र छान पडलं होतं. लांब शेतांत कापूस वेचणाऱ्या बाया कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहत होत्या.

खाली साडूंनी संत्र्याची वाळकी लाकडं आणि कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवल्या. मी मुकुटाकडे पाहत राहिलो. पानांतून धुराचा एक धागाही येईना. मला वाटलं, ही तर शुभवार्ता! धूर नको होता ना? तो नाहीच! मी वाकून जिवाच्या आकांतानं ओरडलो, "भाऊ, धूर अजिबात नाही! एकदम साफ!" खालून काहीतरी आवाज आले. गंजातून मला ते कौतुकासारखे वाटले. मी पुन्हा ओरडलो, "थेंबभर धूर नाही!" मग दारातून मिस्त्री तोंडाला दुपट्टा लावून बाहेर पडला. त्याच्यामागे कोंबड्या. त्यांच्यामागे पदरानं डोळे पुसत ताई. सगळ्यात शेवटी धुराच्या लोटासकट साडू, आणि ते माझ्याकडे असे पाहत होते की मी गंज काढला.

"भाऊ," मिस्त्रीचा आवाज आला, तो अजून खोकतच होता. "माल कालवू का?"

साडूंनी मान डोलावली.  मिस्त्रीनं फावडं उचललं, माल कालवला, विटा घमेल्यात घेतल्या आणि आत गेला. धूर थोडा निवळला तसे ते दोघंही त्याच्यामागे आत गेले.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मुकुट काढायला वेळ नव्हता. मी बोल्ट आवळायचा पाना पानांच्या नक्षीतून आत खुपसला आणि डोळे मिटून मडक्यावर हाणला. मडकं फुटलं. धडधडत खापरं खाली गेली. पुढचं मिस्त्रीनं नंतर सांगितलं: पहिली वीट लावायला तो वाकला आणि धुराड्यातून विस्तवावर एक काळा चेहरा उतरला, पांढऱ्या मिशांचा, डोळे वटारलेला. मिस्त्री "रामराम" म्हणत मागे सरकला. साडू मात्र सरकले नाहीत. त्यांनी चिमट्यानं ते खापर बाहेर ओढलं आणि बराच वेळ न्याहाळलं. चेहऱ्याचा एक डोळा दुसऱ्याहून मोठा होता. घरात सगळ्यांना माहीत होतं की ताईंच्या रांगोळीतल्या मोरालाही एक डोळा मोठाच असतो.

इथून पुढचं मी स्वतः ऐकलं. मोकळ्या धुराड्यातून आवाज फार छान वर येतो.

"मिस्त्री, लावा विटा," साडू म्हणाले.

"काहून?" हा ताईंचा आवाज.

"काहून म्हणजे? कबूल केलं होतं. धूर झाला."

"तो माझ्या मडक्यानं झाला. तुमच्या धुराड्याची काय चूक?"

"डोळे पाह्य तुझे आरशात. जास्वंदीसारखे झाले. मले नाही पाहिजे असली शेकोटी. बुजवा!"

"बुजवायची नाही!"

"अन् टीव्ही कुठं ठेवशील?"

"माझ्या डोक्यावर ठेवीन!"

 मग मिस्त्री कळवळून म्हणाला, "बाई, माल वाळून राहिला. भिंत सांगा, चौथरा सांगा, समाधी सांगा, पण लवकर सांगा बाप्पा."

"ओटा बांधा," ताई म्हणाल्या. "इथं. शेकोटीपुढे. दोघांपुरता."

थापीचा आवाज बराच वेळ येत राहिला. मी वरून दोन-तीनदा शिडीचा विषय काढला, पण कोणाचं लक्ष नव्हतं. मग साडूंनी पुन्हा पऱ्हाटी पेटवली असावी, कारण संत्र्याच्या चारी पानांतून धूर निघाला आणि नेमका माझ्या तोंडावर आला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. असा सुंदर धूर मी पाहिला नव्हता.

"भाऊ, धूर येऊन राहिला!" मी ओरडलो.

"येऊ द्या!" खालून दोघांचाही आवाज एकदम आला. ओटा ओला होता म्हणून ते त्याच्या शेजारी जमिनीवरच बसले होते, हे मिस्त्रीनं शिडी आणली तेव्हा मला कळलं.

टीव्ही पुढच्या वर्षी आला आणि स्टुलावर बसला. गल्ली टीव्ही पाहायला जमायची आणि हे दोघं टीव्हीकडे पाठ करून ओट्यावर. धूर अगदीच यायचा नाही असं नव्हे, पण त्याबद्दल त्या घरात पुन्हा कोणी बोललं नाही. मग मुलाला नागपुरात नोकरी लागली, त्यानं दोघांना आग्रह करकरून बोलावून घेतलं, आणि सौसरचं घर भाड्यानं गेलं. नागपूरला त्यांचा तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, गुळगुळीत भिंतींचा. तिथे साडूंना तपासण्यासारखं काही उरलेलं नाही. मी हिवाळ्यात कधी गेलो, की ते खुर्चीतून विचारतात, "तिकडे थंडी कशी आहे, साडभाऊ?"

"विचारू नका," मी म्हणतो. "सकाळी अंगणात उभं राहवत नाही."

हातातलं काम टाकून ताई स्वयंपाकघराच्या दाराशी येतात. "खरं का, भाऊजी? शेकोटी लागीन इतकी?"

"एक नाही, दोन लागतील."

मग ते दोघं एकमेकांकडे पाहतात. एक गोष्ट मात्र मी सांगत नाही. पांढुर्ण्याहून निघताना मी घरातला पंखा बंद करून आलेलो असतो.